उघडं रान आणि ढगाआडचा उपग्रह

धूप मोजण्याचं जे सूत्र आज जगभर वापरतात, ते अमेरिकेत विश्मायर आणि स्मिथ यांनी १९६५ साली मांडलं. पावसाचा मारा, मातीचा धुपण्याचा स्वभाव, उताराची लांबी आणि तीव्रता, पिकाचं आच्छादन, बांधबंदिस्ती, या सगळ्यांचा गुणाकार केला की हेक्टरी किती टन माती जाईल याचा अंदाज येतो. ध्रुवनारायण आणि रामबाबू यांनी १९८३मध्ये भारताची सरासरी काढली, ती वर्षाला हेक्टरी १६.३५ टन. शेतात हा थर मिलिमीटरभराहून जेमतेम जास्त भरतो. डोळ्यांना तो दिसत नाही, म्हणून नकाशा लागतो.

सामग्री भरपूर आहे. २००० साली अमेरिकी अंतराळयानाने रडारने मोजलेल्या उंचीवरून उतार काढता येतो. नागपूरच्या राष्ट्रीय मृदा सर्वेक्षण संस्थेचे मातीचे नकाशे आहेत. अहमदाबादच्या अंतरिक्ष उपयोग केंद्राच्या ॲटलासप्रमाणे २०१८-१९मध्ये देशातली ९.७८ कोटी हेक्टर, म्हणजे जवळजवळ तीस टक्के जमीन खालावलेली होती आणि त्यात पाण्याने होणारी धूप हे सर्वांत मोठं कारण.

मला काळजी वाटते ती आच्छादनाच्या आकड्याची. सोलापूरकडच्या रब्बी पट्ट्यात काळी रानं पावसाळाभर कुळवाच्या पाळ्या देऊन उघडी ठेवतात आणि ज्वारी पेरतात सप्टेंबर-ऑक्टोबरात. म्हणजे पावसाचा मार बसतो तो नेमका उघड्या मातीवर. पण त्याच महिन्यांत आकाश ढगाळ, त्यामुळे साध्या उपग्रहाला जमीन दिसत नाही. मग नकाशा करणारा नोव्हेंबर-डिसेंबरचं स्वच्छ चित्र उचलतो. तेव्हा रानात ज्वारी डोलत असते, सूत्र तिलाच आच्छादन मानतं आणि धूप कमी दाखवतं. सेंटिनेल-१सारख्या उपग्रहाच्या रडारला ढगांची अडचण नाही, त्याची माहितीही फुकट मिळते. रब्बी तालुक्यांसाठी ती वापरायलाच हवी.

मातीच्या प्रतीचंही असंच आहे. २०१५पासूनच्या मृदा आरोग्य पत्रिकेत कोरडवाहू भागात दहा हेक्टरांना एक नमुना धरला. दख्खनच्या पठारावर तेवढ्या पंचवीस एकरांत वर मुरमाड माळ, मध्ये भरड आणि ओढ्याकाठी पुरुषभर खोल काळी, असं सगळं सापडतं. त्यांची सरासरी एकाही शेतकऱ्याच्या कामाची नाही. शिवाय धुपेत आधी जाते ती बारीक, सेंद्रिय कर्बाने भरलेली माती. टनांचा आकडा हे सांगत नाही, आणि ती माती पुढे कुठल्या तलावात बसते तेही सांगत नाही. तोच गाळ आपण नंतर डिझेल जाळून शेतात परत आणतो.

सहायक कृषी अधिकाऱ्याच्या मोबाइलमध्ये जीपीएस असतंच. पहिल्या मोठ्या पावसानंतर कुठली ताल फुटली, कुठे नवी घळ पडली, हे गट नंबरासह त्याच नकाशावर चढवता येईल. सूत्राचा अंदाज किती चुकतो ते त्यावरून कळेल आणि उन्हाळ्यातल्या बांधबंदिस्तीचं काम कुठून सुरू करायचं, तेही ठरेल.