आंबवणाच्या बाटलीला कोणतं बूच लावायचं?

घरी जिंजर बिअर करताना मी काचेच्या बाटलीचं झाकण गच्च फिरवलं. रात्री बाटली फुटली. नशीब, स्वयंपाकघरात कुणी नव्हतं.

गणित सोपं आहे. यीस्टने १ ग्रॅम साखर आंबवली की साधारण पाव लिटर कार्बन डायऑक्साइड तयार होतो. तो जाणार कुठे?

म्हणून भोक असलेलं सिलिकॉनचं बूच घ्या आणि त्यात पाणी भरलेला एअरलॉक बसवा. तो डायोडसारखा चालतो: गॅस बाहेर जातो, हवा आत येत नाही.

बूच घेण्याआधी बाटलीच्या तोंडाचा आतला व्यास मोजा. निमुळतं बूच साधारण अर्धं आत शिरलं की माप बरोबर. दोन्ही कोरडं पुसा, नाहीतर बूच वर सरकतं.

गच्च झाकण? आंबणं पूर्ण थांबल्यावरच.