सर्दीच तर आहे!
‘सर्दीच तर आहे, चालतंय की!’ असं म्हणत आपण सगळीकडे फिरतोच ना? २०२० मध्ये अमेरिकेतल्या किर्कलंड शहरात एका नर्सिंग होममध्ये, म्हणजे वृद्धांच्या शुश्रूषा केंद्रात, कोविड पसरला. १८ मार्चपर्यंत १०१ रहिवासी, ५० कर्मचारी आणि भेटायला आलेल्या १६ जणांना लागण झाल्याचं आढळलं. तपासात कळलं, की लक्षणं असूनही काही कर्मचारी कामावर येत होते. काहींची ड्युटी एकाहून जास्त केंद्रांत होती. अंथरुणावरच्या आजोबांपर्यंत विषाणू असाच कुणाच्या तरी सोबतीनं पोचतो. पण दोष फक्त कर्मचाऱ्यांचा? आजारपणात पगार कापला जाणार असेल, तर घरी बसणार कोण? आपल्याला मात्र एक दिवस थांबणं परवडतं. त्यामुळे नाक वाहत असेल, तर या रविवारी आजीला व्हिडिओ कॉलच करा!