तेरीज उशिरा निघते तेव्हा

दुकानाचा हिशेब संगणकावर गेल्यास आता एक पिढी उलटून गेली. रोजकीर्द, खतावणी, तेरीज हे शब्द वडीलधाऱ्यांच्या तोंडीच काय ते उरले आहेत. मात्र त्या शब्दांमागचे काम यत्किंचितही बदललेले नाही. नोंद रोजकीर्दीत करावयाची, तेथून ती खात्यावर चढवावयाची आणि अखेरीस सर्व खात्यांच्या बाक्या एकत्र मांडून जमा व नावे जुळतात की नाही ते पाहावयाचे. पूर्वी मुनीमजी दिवाळीच्या आधी कित्येक रात्री तेरजेस बसत. संगणक तेच काम एक कळ दाबताच करतो, आणि म्हणूनच त्याने दोन मिनिटे घेतली की मालकांचा जीव कासावीस होतो.

ही वेळ बहुधा सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती बसविल्यानंतर येते. आपल्या दुकानांत सर्वपरिचित असलेल्या ‘टॅली’चेच उदाहरण घेऊ. तिची ‘टॅली प्राइम’ ही आवृत्ती नोव्हेंबर २०२० मध्ये आली. पुढे २०२३ मध्ये आलेल्या ३.० या सुधारणेपासून जुना हिशेब नव्या घडणीत उतरवून घ्यावा लागतो. असा बदल झाला, आणि काल झटकन निघणारे नफातोटा पत्रक आज रेंगाळू लागले, की दुकानात तीन मते ऐकू येतात. सॉफ्टवेअरच वाईट, संगणक जुना झाला, आणि मुनीमजी थकले. तिसरे मत हळू आवाजात सांगितले जाते.

आमच्या परिचयाच्या एका किराणा दुकानात हे तिसरे मत बरेच पुढे गेले होते. वस्तू व सेवा कराचे मासिक विवरण २० तारखेच्या आत भरावयाचे असते. चुकल्यास कर देणे असलेल्यांस दिवसाला ५० रुपये विलंब शुल्क, शिवाय थकलेल्या करावर व्याज. १८ तारीख उजाडली तरी अहवाल डोळ्यांसमोर येईनात, तेव्हा वडिलांच्या काळापासूनच्या मुनीमजींना विश्रांती देऊन एखादा ‘संगणक जाणणारा’ तरुण ठेवावा, असे चिरंजीवांनी जवळजवळ ठरविले.

मुनीमजींनी वाद घातला नाही. त्यांनी हातावरचे घड्याळ काढून समोर ठेवले, एक कागद घेतला, आणि कोणता अहवाल किती वेळ घेतो ते लिहून काढले. रोजकीर्द तत्काळ उघडत होती. एकेका गिऱ्हाइकाचे खातेही तत्काळ उघडत होते. अडत होते ते नफातोटा पत्रक आणि ताळेबंद. आमच्या मते येथेच अर्धे निदान झाले. हिशेब आणि मालसाठा एकत्र ठेवलेला असेल, तर या दोन पत्रकांना शिल्लक मालाची किंमत लागते. ती कोठे तयार लिहून ठेवलेली नसते. खरेदी-विक्रीच्या नोंदी चाळून काढावी लागते. जिन्नस जितके अधिक आणि वर्षे जितकी जास्त, तितकी ही चाळणी लांबते.

पण माल तर पूर्वीही तितकाच होता, मग आजच उशीर का? मुनीमजींनी अहवालाचा काळ वर्षावरून एका महिन्यावर आणला; फरक पडला, परंतु थोडाच. नंतर त्यांनी काही वर्षांपूर्वी एका तंत्रज्ञाकडून लिहवून घेतलेली पुरवणी आज्ञावली तात्पुरती बंद केली. मालाची मुदत कधी संपते ते दाखविण्यासाठी ती प्रत्येक अहवालाच्या वेळी सारे जिन्नस पुन्हा वाचीत असे, आणि ती लिहिली गेली होती जुन्या आवृत्तीसाठी. ती बंद होताच पत्रक पूर्वीसारखे निघाले. विवरण १९ तारखेस भरले गेले. पुरवणी पुढे नव्याने लिहवून घेतली. मुनीमजी अद्याप त्याच गादीवर आहेत.

प्रत्येक ठिकाणी दोष पुरवणीतच असेल असे नाही. कित्येकदा विषाणूरोधक सॉफ्टवेअर नव्या कार्यक्रमास परके समजून हिशेबाची प्रत्येक फाईल उघडताना तपासते. हिशेबाची पेटी त्याच्या तपासणीतून वगळली की काम भागते. कोठे हिशेब दुसऱ्याच संगणकावर असतो आणि मधली जोडणी संथ असते. त्याची परीक्षा सोपी आहे: हिशेबाची एक नक्कल त्याच यंत्राच्या डिस्कवर आणून तोच अहवाल काढून पाहावा. नोंदींतच बिघाड असल्याचा संशय आल्यास सॉफ्टवेअरमधील पडताळणीची सोय वापरावी, पण मूळ हिशेबाची प्रत काढून ठेवल्याविना दुरुस्तीच्या वाटेस जाऊ नये. मात्र एका वेळी एकच गोष्ट बदलावी. चार गोष्टी एकदम बदलून वेग आला, तर गुण कोणत्या औषधाचा ते कळत नाही, आणि पुढच्या खेपेस पुन्हा पहिल्यापासून आरंभ.

एक उपाय मात्र आम्हांस अजिबात मान्य नाही. ‘जुन्या नोंदी पुसून टाका, हिशेब हलका होईल’ असे सांगणारे सल्लागार हल्ली गल्लोगल्ली भेटतात. वस्तू व सेवा कराच्या कायद्यानुसार हिशेबाची कागदपत्रे त्या वर्षाच्या वार्षिक विवरणाच्या अंतिम तारखेपासून ७२ महिने ठेवावी लागतात. कंपनी असल्यास २०१३ च्या कायद्याने किमान ८ आर्थिक वर्षे. नोंदी फारच साचल्या असतील तर १ एप्रिलपाशी हिशेबाचे दोन भाग करण्याची सोय आहे. जुनी वही बांधून माळ्यावर ठेवावी आणि मागील बाकी नव्या वहीत ओढावी, तसेच हे. जुना भाग लागेल तेव्हा उघडता येतो.

आणखी एक व्यवहाराची गोष्ट. नवी आवृत्ती बसविण्यास महिन्याची १५ वा १८ तारीख निवडू नये; २१ नंतरची कोणतीही चालेल. त्याआधी संपूर्ण हिशेबाची प्रत वेगळ्या डिस्कवर घ्यावी आणि ती जुन्या आवृत्तीत उघडून पाहावी, कारण नव्या घडणीत उतरलेला हिशेब जुनी आवृत्ती उघडीत नाही.