दुर्बीण कोणाच्या डोळ्यांसाठीं?

पक्षी पाहण्याचा छंद घरांत शिरला, कीं पाठोपाठ दुर्बिणीचा प्रश्न येतो. आणि जी अधिक मोठें दाखवील ती अधिक चांगली, अशा समजुतीनें तो बहुधा सोडविला जातो. आम्हींही तसेंच केलें. वीसपट मोठें दाखविणारी दुर्बीण घेऊन एके दिवशीं पहांटे आम्ही सर्व मंडळी भिवंडीच्या वऱ्हाळादेवी तलावावर गेलों. एका खुंटावर पाणकावळा पंख वाळवीत बसला होता. दादांनीं दुर्बीण डोळ्यांस लाविली आणि लागलीच खालीं ठेविली. "पक्षी कसला? माझ्या हाताचा कंपच वीसपट दिसतो!" असें ते हंसून म्हणाले, परंतु पुन्हां त्यांनीं ती कधीं मागितली नाहीं.

दोष दुर्बिणीचा नव्हे, निवडीचा होता. दुर्बिणीवर ८×४२ असे आंकडे असतात. पहिला आंकडा पक्षी किती पट मोठा दिसेल तें सांगतो. दुसरा पुढील भिंगाचा व्यास, मिलिमीटरांत. दुसऱ्यास पहिल्यानें भागिलें, म्हणजे डोळ्यांकडे येणाऱ्या प्रकाशझोताची रुंदी निघते. ८×४२ मध्यें ती ५·२५ मिलिमीटर भरते. आमच्या २०×५० मध्यें अवघी २·५. पहांटेच्या अंधुक उजेडांत हा फरक तात्काळ जाणवतो. शिवाय शक्ति वाढली कीं दृष्टिक्षेत्र सामान्यतः आकुंचित होतें, आणि झाडींतला चिमुकला शिंजीर सांपडण्यापूर्वींच उडून जातो.

चष्मा असणाऱ्यांनीं नेत्रभिंगापासून डोळा सुमारें १५ मिलिमीटर दूर ठेवूनही संपूर्ण दृश्य दिसतें ना, हें पाहावें. दोन डोळ्यांच्या दृष्टींतील फरक जुळविण्याचें कडें बहुधा उजव्या नेत्रभिंगापाशीं असतें. मुलांसाठीं दोन्ही नळ्या पुरेशा जवळ आल्या पाहिजेत. त्यांना ८×३२ ही हलकी पडते. आपल्याकडील पावसाळी हवेंत भिंगांवर बुरशी चढते. म्हणून आंत नत्रवायु भरलेली, पाणी न शिरणारी दुर्बीण घ्यावी आणि ती कोरडी करूनच ठेवावी.

आतां आमच्या घरीं ८×४२ आहे. गेल्या हिवाळ्यांत ठाण्याच्या खाडीवर रोहित पक्ष्यांचा थवा दादांनीं स्वस्थपणें पाहिला. नातवंडें आपली पाळी येण्याची वाट पाहत उभीं होतीं. म्हणून वाचकांस एवढेंच सुचवावेंसें वाटतें, कीं दुकानांत जातांना घरांतील सर्वांत वडील आणि सर्वांत धाकटें माणूस बरोबर न्यावें. त्या दोघांस नीट दिसलें, तर मधल्यांची चिंता नको.