दाताच्या खुर्चीवर गुंगी देणार म्हणतात, तेव्हा

दौंडला विहारात महिलांची आरोग्य बैठक होती. एका मावशींनी दबक्या आवाजात विचारले, "दाढ काढायला भूल देणार म्हणतात. मी परत उठेन ना?" विचारपूस केली तेव्हा कळले की डॉक्टर त्यांना हिरडीत फक्त सुई देणार होते. मावशी मात्र आठ दिवस झोपल्या नव्हत्या. शिरूरला याच्या नेमके उलटे ऐकले. तिथल्या एका तरुणाला पुण्यात खरोखरच गुंगीचे औषध दिले होते. सोबत कोण आहे असे विचारल्यावर त्याने "भाऊ बाहेर थांबलाय" असे खोटेच सांगितले आणि सत्तर किलोमीटर मोटारसायकल चालवत एकटा घरी आला. रांजणगावच्या पुढे आपण कसे आलो, हे त्याला आजही आठवत नाही.

दोघांचाही घोळ एका शब्दापाशी आहे. आपण तीन वेगळ्या गोष्टींना सरसकट 'भूल' म्हणतो.

पहिली गोष्ट म्हणजे जागा बधिर करणे. हिरडीत लिग्नोकेनसारख्या औषधाची सुई देतात. माणूस पूर्ण जागा असतो, ओढल्याचे, दाबल्याचे कळते, दुखत नाही. ओठ दोन-तीन तास जड राहतो. सरकारी दवाखान्यात दाढ काढतात ती बहुतेक वेळा अशीच. सुई दिल्यावर क्षणभर छाती धडधडली तर घाबरू नका. त्या औषधात बऱ्याचदा ॲड्रेनॅलिन असते, त्याचा तो परिणाम असू शकतो. तरी डॉक्टरांना लगेच सांगा. "मला इंजेक्शन लागूच पडत नाही" असे म्हणणारे पुष्कळ भेटतात. दाढेखाली पू झाला असेल तर सुईचा असर खरोखरच कमी होतो. म्हणून गाल सुजेपर्यंत लवंग दाबून बसू नये.

दुसरी गोष्ट गुंगी. गोळीने, नाकावरच्या मास्कमधून नायट्रस ऑक्साइड वायू देऊन किंवा शिरेतून मिडाझोलामसारखे औषध देऊन भीती घालवतात. माणूस सुस्तावतो, पण हाक मारली की ओ देतो आणि श्वास स्वतःचा स्वतः घेतो. हा वायू दाताच्या कामात नवा नाही. १८४४ साली अमेरिकेत होरेस वेल्स या दंतवैद्याने तो हुंगून स्वतःचीच दाढ काढवून घेतली होती. आज मात्र गुंगी दिली तरी बहुधा हिरडीत सुई द्यावीच लागते, कारण गुंगी घालवते ती मुख्यतः भीती. दुखणे सुईनेच थांबते.

तिसरी पूर्ण भूल. तिच्यात माणूस हाकेला ओ देत नाही. ती शस्त्रक्रियागृहात भूलतज्ज्ञांनीच द्यायची.

गुंगीत धोका कुठे आहे, हे वॉर्डात रात्री काढलेल्या आम्हा परिचारिकांना चांगले ठाऊक आहे. औषध थोडे जास्त झाले किंवा एखाद्याला जास्त चढले, तर श्वास मंदावतो, जीभ मागे पडते. दाताच्या कामात डॉक्टरांचे हात, पाणी, रक्त सगळे तोंडातच असते आणि श्वासाची वाटही तीच. दाढ काढणाऱ्याची नजर दाढेवर असणार. म्हणून आमचा आग्रह एका प्रश्नावर आहे: "माझ्या श्वासाकडे कोण बघणार?" त्या कामासाठी वेगळा प्रशिक्षित माणूस हवा. कोरोनात आपण बोटाला लावत होतो तो ऑक्सिमीटर लावलेला हवा, ऑक्सिजन हाताशी हवा. शिरेतून औषध असेल तर भूलतज्ज्ञ येणार का, हेही विचारा. असे विचारणे म्हणजे डॉक्टरांचा अपमान नव्हे. चांगले डॉक्टर उलट खूश होतात. जो चिडेल, त्याच्या खुर्चीवरून उठायला हरकत नाही.

आता जरा अवघड बोलू. आपल्यातले काही जण पितात आणि समाजात ते लपवतात. पाचव्या शीलाची, बावीस प्रतिज्ञांची लाज वाटते, ती समजू शकते. पण डॉक्टरांपुढे लपवू नका. रोज पिणाऱ्याला नेहमीचे प्रमाण पुरत नाही, आणि त्याच दिवशी प्यायलेल्याला तेच प्रमाण श्वास थांबवण्याइतके जड होऊ शकते. बायकोसमोर सांगवत नसेल तर तिला बाहेर बसायला सांगा. गुंगी घेतल्याने शील मोडते का, असेही आम्हाला विचारतात. उपचारासाठी, डॉक्टरांच्या देखरेखीखाली घेतलेले औषध म्हणजे नशा नव्हे, असे आमचे मत आहे.

रात्री मोठ्याने घोरणे, दमा, फिट, झोपेच्या गोळ्या, गरोदरपण हेही सांगायचे. मिश्री लावणाऱ्या बायका "तंबाखू खात नाही" म्हणून मोकळ्या होतात. मिश्री तंबाखूचीच असते.

गोळी किंवा शिरेतली गुंगी असेल तर साधारण सहा तास आधी खाणे बंद, साधे पाणी दोन तास आधीपर्यंत. नक्की वेळ डॉक्टर सांगतील ती पाळा. लेकराचे दूध पाण्यात धरू नका, ते पोटात रेंगाळते. मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन उपाशीपोटी घ्यायचे का, हे आदल्या दिवशी विचारून घ्या. मेडिकलमधून झोपेची गोळी आणून स्वतःच घेऊ नका.

संमतीपत्रावर सही औषध देण्याआधी, मराठीत समजून घेऊनच करा. खर्चाचा आकडाही तेव्हाच विचारा. मिडाझोलामने मधला काळ आठवत नाही, म्हणून सूचना सोबतच्या माणसाला सांगायला आणि लिहून द्यायला लावा. बाई रुग्ण असेल तर खोलीत शेवटपर्यंत दुसरी बाई असावी, परिचारिका किंवा घरातली. हे निःसंकोच मागा.

वायूची गुंगी काही मिनिटांत उतरते. गोळी आणि शिरेतल्या औषधाची तशी नाही. त्यानंतर चोवीस तास गाडी चालवू नका, कुरकुंभ-रांजणगावच्या कंपनीत मशीनवर उभे राहू नका, कोयता धरू नका, कशावर अंगठा उठवू नका. मोटारसायकलवर मागेही बसू नका, डुलकी लागून माणूस पडतो. दौंडकरांनी सोबतीसह रेल्वेने यावे, शिरूरकरांनी एसटीने किंवा रिक्षा-जीप करून.

घरी कुशीवर झोपवा आणि पहिले काही तास कोणीतरी जवळ बसा. हलवूनही उठत नसेल, श्वास घरघरत किंवा अडत असेल, ओठ निळसर दिसले, तर पाणी पाजत बसू नका. कुशीवरच ठेवून लगेच १०८ ला फोन करा आणि कोणते औषध किती वाजता दिले होते, तो कागद हातात ठेवा.