दुधाचा आकडा आणि गाय गाभण राहण्याचा प्रश्न

गाय किती दूध देते, हे गोठ्यावर येणारा प्रत्येक जण विचारतो. व्याल्यानंतर किती दिवसांनी ती पुन्हा गाभण राहिली, हे फार थोडे विचारतात. वस्तुतः ही दोन उत्तरे एकमेकांत गुंतलेली आहेत. कर्ज काढून एक-दोन संकरित गाई पाळणाऱ्या पालकांचा संसार तर दुसऱ्या उत्तरावरच अधिक अवलंबून असतो, कारण भाकड गाय खाते तेवढेच, देत काही नाही.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिकेत होलस्टीन गाईची निवड प्रामुख्याने दुधावर झाली. दूध खूप वाढले, परंतु रेतनानंतर गाभण राहण्याचे प्रमाण घसरत गेले. त्याच जातीच्या, एकदाही न व्यालेल्या कालवडी मात्र बऱ्याच सहजतेने गाभण राहत. अर्थात, दोष केवळ रक्तातला नव्हता.

व्याल्यावर चार ते आठ आठवड्यांत दूध शिखरावर पोहोचते. खाण्याची क्षमता मात्र त्यानंतर काही आठवड्यांनी पूर्णत्वास येते. मधल्या काळात गाय अंगावरची चरबी वितळवून दूध देते. मालकाला भरलेली बादली दिसते, वर आलेल्या बरगड्या दिसत नाहीत! ऊर्जेची ही तूट मोठी असली की मेंदूकडून बीजकोशाला मिळणारे संप्रेरकांचे इशारे मंदावतात आणि बीज पक्व होऊन सुटण्यास विलंब लागतो. शिवाय भरपूर खाणाऱ्या गाईच्या यकृतातून रक्त अधिक वाहते व तेथे माजाची संप्रेरके लवकर नष्ट होतात. म्हणून माज थोडाच वेळ टिकतो, कधी मुकाच जातो. एक माज चुकला की 21 दिवस गेले. गर्भकाळ सुमारे 280 दिवसांचा. तेव्हा वर्षाला एक वासरू हवे असेल, तर व्याल्यानंतर 85 दिवसांच्या आसपास गाय गाभण राहावयास हवी.

तथापि ‘दूध वाढले की गाय उलटणारच’ ही समजूत खरी नाही. नॉर्वेने 1970 च्या दशकापासूनच आपल्या लाल गाईंच्या निवडीत प्रजननक्षमतेला स्थान दिले. अमेरिकेने वळूंच्या मूल्यमापनात ही कसोटी 2003 मध्ये आणली आणि पुढे तेथील घसरण थांबली.

आपल्याकडे राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाने गीर, जर्सी व होलस्टीन यांच्या संकरातून ‘फुले त्रिवेणी’ विकसित केली. पण रक्त बदलले तरी गव्हाणीत केवळ वाळला कडबाच पडत राहिला, तर तूट भरून कशी निघणार? काळजी व्यायच्या दोन महिने आधी, दूध आटवण्यापासूनच घ्यावी लागते. त्या काळात गाय हडकू नये, तशीच फार लठ्ठही होऊ नये. लठ्ठ गाय व्याल्यावर कमी खाते आणि अधिक झिजते. व्याल्यानंतर हिरवा चारा, पेंड व खनिज मिश्रण द्यावे. माज पहाटे व रात्री आवर्जून पाहावा. सकाळी दिसला तर सायंकाळी, सायंकाळी दिसला तर दुसऱ्या सकाळी रेतन करावे. दोन महिन्यांत माज दिसला नाही तर पशुवैद्यकाकडून तपासणी करून घ्यावी. वार अडकली असल्यास त्याच वेळी. व्याल्याची, माजाची व रेतनाची तारीख एका वहीत लिहून ठेवली, तर पशुवैद्यकाचे निम्मे काम सोपे होते, आणि ही वही घरातील शाळकरी मूलही ठेवू शकते.