चीनचा समाजवाद : नाव आणि वास्तव

“सर, चीन समाजवादी देश आहे, तर तिथे एवढे अब्जाधीश कसे?” इतिहासाच्या तासाला हा प्रश्न आम्हाला वारंवार विचारला जातो. केवळ नावाकडे पाहून त्याचे उत्तर देता येत नाही. त्यासाठी तीन गोष्टी तपासाव्या लागतात : उत्पादनाची साधने कोणाच्या मालकीची? श्रमातून निर्माण होणारे वरकड कोणाकडे जाते? आणि श्रमिकाला त्यात आवाज आहे काय?

प्रथम मालकी पाहू. १९८२ च्या संविधानानुसार चीनमधील शहरी जमीन राज्याची, तर ग्रामीण जमीन प्रामुख्याने सामूहिक मालकीची आहे. मोठ्या बँका, तेल, वीज व रेल्वे यांवरही राज्याचेच वर्चस्व आहे. मात्र १९७८ मध्ये श्याओगांग गावातील शेतकऱ्यांनी सामूहिक जमीन गुपचूप कुटुंबवार वाटून घेतली आणि पुढे देशभरातील कम्यून मोडीत निघाले. १९९२ मध्ये पक्षाने ‘समाजवादी बाजार अर्थव्यवस्था’ हे ध्येय स्वीकारले. त्याच दशकाच्या अखेरीस सरकारी कारखान्यांतील कोट्यवधी कामगारांना कमी करण्यात आले. आज देशाचे निम्म्याहून अधिक उत्पादन खाजगी क्षेत्रातून होते. अर्थात वरकडाचा मोठा वाटा खाजगी भांडवलाकडेच जातो.

या वाटचालीचे श्रेय नाकारणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. चार दशकांत सुमारे ८० कोटी लोक अतिदारिद्र्यातून बाहेर आले. परंतु दारिद्र्य घटणे आणि समाजवाद येणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

तिसऱ्या कसोटीवर चित्र अधिक स्पष्ट होते. १९८२ च्या संविधानातून संपाचा हक्क वगळण्यात आला. पक्षाच्या नियंत्रणाखालील महासंघाबाहेर स्वतंत्र कामगार संघटना उभारता येत नाही. १९५८ पासूनच्या ‘हुकोऊ’ या कुटुंबनोंदणीमुळे खेड्यातून शहरात आलेल्या मजुराच्या मुलांना तेथील सरकारी शाळेत सहज प्रवेश मिळत नाही. म्हणून कोट्यवधी मुले आजी-आजोबांजवळ गावीच राहतात. ऊसतोडीला जाताना ज्या पालकांनी आपली लेकरे आमच्या वसतिगृहात सोपवली, त्यांना हे दुःख समजावून सांगण्याची गरज नाही.

परमपूज्य बाबासाहेबांनी १९४७ साली ‘स्टेट्स अँड मायनॉरिटीज’मध्ये मूलभूत उद्योग, विमा व शेती राज्याच्या मालकीची असावी, असे सुचविले. मात्र हा राज्य समाजवाद संविधानाने बांधलेला आणि संसदीय लोकशाहीत नांदणारा असावा, हुकूमशाहीच्या आश्रयाने येऊ नये, अशी त्यांची अट होती. साधनांच्या मालकीइतकेच माणसाचे स्वातंत्र्यही त्यांना महत्त्वाचे वाटत होते.

म्हणून आमचे उत्तर असे : चीनमध्ये राज्याची मालकी मोठी आहे, पण बाजार आणि खाजगी नफा यांवर चालणारी ती अर्थव्यवस्था पक्षनियंत्रित भांडवलशाहीच्या अधिक जवळ जाते. ज्या कारखान्यात कामगाराला बोलता येत नाही, तो राज्याचा असला तरी कामगाराचा होत नाही. आमच्या विद्यार्थ्यांनी कोणत्याही देशाची पाटी वाचावी. पण ती मान्य करण्यापूर्वी हे तीन प्रश्न अवश्य विचारावेत. आपल्या देशाच्या उद्देशिकेत ‘समाजवादी’ हा शब्द आहे, तेव्हा तेच प्रश्न आपल्यालाही विचारावेत.